महिना बंद, फेरीवर पैसे: खान्देशातल्या ड्रायव्हर भावांनो, तुमच्याकडे काय चाललंय?

वाघूरकाठ
राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीतून चटई, पाइप आणि डाळ भरून मी सुरत, भिवंडी, इंदूर अशी लाईन करतो. गाडी शेठची, बारा चाकी. आजवर महिन्याचा पगार, लाईनवर असताना रोजचा भत्ता आणि डिझेलच्या ॲव्हरेजमध्ये वाचलं तर वरचे थोडे, असा हिशेब होता. दिवाळीनंतर शेठने सगळ्या ड्रायव्हरांना ऑफिसात बोलावलं. म्हणाले, बाजारात भाडंच नाही, गाड्या उभ्या राहतात, आता महिना बंद. फेरी मारेल त्याला फेरीचे पैसे, खुराकी, म्हणजे वाटेतला जेवणखर्च, त्यातच.

आकडा ऐकायला बरा वाटला होता. पण महिना संपला तेव्हा घरी द्यायला आधीच्या निम्मेही उरले नाहीत. सुरतेला माल खाली होतो आणि मग रिटर्न भाड्याची वाट बघत गाडी पार्किंगला पडून राहते. त्या दिवसांचं कोणी काही देत नाही. पोटाला मात्र दोन्ही वेळ लागतं.

शेठ वाईट माणूस नाही. आईच्या ऑपरेशनला त्यांनीच उचल दिली. ती अजून फिटायची आहे, म्हणून तोंड उघडायला जड जातं. तुमच्याकडे पण असंच झालंय का? झालं असेल तर घर कसं चालवताय? आणि मालकाशी बोलायचं तर काय बोलायचं?

चौदाचाकी
भाऊ, बठ्ठं खरं शे. आमनाकडे बी हाईच चालू शे.

साक्रीकडचा आहे मी. आमच्या मालकाने फेरीसुद्धा केली नाही, नुसता भत्ता कापला. पगार तोच ठेवला, म्हणून बाहेर सांगायला मोकळा की मी कोणाचा पगार कमी केला नाही. पण पगार घरी जातो आणि भत्त्यावर आपण जगतो. भत्ता कापला की पगारातून खावं लागतं. घरात तेवढे कमी येतात, गोष्ट एकच.

भरीत_पार्टी
मी ड्रायव्हर नाही, भुसावळला टायरचं दुकान आहे. पण आजकाल गिऱ्हाईक नवीन टायर विचारतच नाही, रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवीन रबर चढवलेला टायर, विचारतं किंवा आहे तोच अजून एक महिना चालवतो म्हणतं. तुमचे पैसे कुठे अडले ते माझ्या दुकानात बसून दिसतं.

जिभाऊ_धुळेकर
वाघूरकाठ, मी आता घरीच असतो. पण उमर सगळी आग्रा रोडवर गेली. सोनगीर, नरडाणा, शिरपूर, पळासनेर करत सेंधव्याचा घाट उतरायचा आणि चढायचा. मंदी पहिल्यांदा बघत नाही. २००८-०९ ला बघितली, तेव्हा फायनान्सवाल्यांनी ओढून नेलेल्या गाड्या यार्डात रांगेने उभ्या होत्या. २०१९ ला बघितली. तिचं कारण बऱ्याच जणांना माहीत नाही म्हणून सांगतो.

जुलै २०१८ मध्ये सरकारने एक्सलचं वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून चालणारं वजन, वाढवून दिलं. दहा टायरची गाडी २५ टनाला पास होती ती २८.५ टनाला झाली, बारा चाकी ३१ ची ३६ टनाला. आमच्या लोकांनी पेढे वाटले. आता ओव्हरलोडचा दंड नाही, जास्त माल, जास्त भाडं, असं वाटलं. झालं उलटं. माल तेवढाच राहिला. सहा गाड्यांत जाणारा पाच गाड्यांत मावायला लागला. सहावी गाडी अड्ड्यावर उभी. ती उभी गाडी मग कमी भाड्यात उचलते, आणि तिने एकदा कमी केलं की बाकीच्यांना पण तेच भाडं. त्याच्यात पुढच्या वर्षी कारखाने थंडावले आणि त्यानंतर २०२० चं लॉकडाऊन.

सांगायचं कारण, भाडं पडतं तेव्हा सगळ्यात शेवटी कोणाच्या ताटातून जातं ते बघ. पंपवाला डिझेल कमी देत नाही. टोल फास्टॅगमधून आपोआप कटतो. हप्ता तारखेला जातो. इन्शुरन्स भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर येत नाही. राहिला कोण? ड्रायव्हर. त्याच्याशीच तेवढं बोलून कमी करता येतं.

छोटा_मालक
जिभाऊ, मान ठेवून बोलतो. मालकाची बाजू पण ऐका. माझ्या तीन गाड्या आहेत, एक मी स्वतः चालवतो. डिझेल ९० च्या पुढे, भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर द्यायला रडते. कंपनीचा माल पोचवला, पोच पावती जमा केली, तरी पैसे ९० दिवसांनी. मधल्या काळात डिझेल उधार, टायर उधार. दलाल आपलं कमिशन आधी कापून घेतो. रिकामी परत आणली तर येण्याचं डिझेल खिशातून.

ड्रायव्हरला फेरीवर मी पण टाकलं. नाहीतर दोन गाड्या विकाव्या लागल्या असत्या आणि दोन ड्रायव्हर घरी बसले असते. यात माझी मजा नाही चालली.

अमळनेरची_लेक
छोटा_मालक दादा, तुमचं खोटं आहे असं म्हणत नाही. पण घरातून कसं दिसतं ते सांगते. माझे मिस्टर ट्रेलरवर आहेत. महिन्याला ठरलेली रक्कम यायची तेव्हा दूधवाला, किराणा, बचत गटाचा हप्ता, मुलीची फी, सगळ्यांच्या तारखा त्या एका तारखेला बांधलेल्या होत्या. फेरीवर झाल्यापासून पैसे कधी येतील आणि किती येतील, दोन्ही माहीत नाही. कमी पगारात घर चालवता येतं हो, बायका चालवतातच. तारीखच नसली तर नाही चालवता येत. गटाचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊ बायका माझ्याकडे बघतात.

आणि फोनवर मी विचारते, जेवलात का? ते हो म्हणतात. मला माहीत आहे, पैसे वाचवायला वडापाववर दिवस काढतात. शुगर निघाली आहे त्यांना.

मी घरी शेव आणि पापडाचं काम धरलं आहे. वाघूरकाठ भाऊ, तुमच्या घरात सगळा आकडा खरा सांगा. लपवू नका. आमच्याकडे दोन महिने लपवलं गेलं आणि तेवढ्यात सोनाराकडे जायची वेळ आली.

पुणेरी_खान्देशी
मूळ पारोळ्याचा, पुण्यात नोकरीला. मला वाटतं ड्रायव्हर लोकांनी यातून बाहेर पडायला हवं. दुसरं काही शिका, शहरात संधी आहेत.

चौदाचाकी
@पुणेरी_खान्देशी, चाळिशीत दुसरं काय शिकू? हेवी लायसन्स हेच माझं शिक्षण आहे. आणि आम्ही सगळे बाहेर पडलो तर पारोळ्याचा कापूस जिनिंगला आणि गाठी बंदराला कोण नेणार?

पुणेरी_खान्देशी
मान्य. बोलताना तेवढा विचार केला नव्हता. माझे काका पण लाईनवर होते.

केळीवाला_सावदा
आमच्याकडचं वेगळं सांगतो. रावेर-सावद्याची केळी दिल्ली, पंजाब, काश्मीरकडे जाते. त्यात उभं राहणं नसतं, कारण केळी थांबत नाही. भाड्यात वेळ ठरलेली असते. हंगामात ड्रायव्हरला बरे पैसे सुटतात. पण मंदीत इथे दुसरा त्रास सुरू झाला आहे. पूर्वी दिल्लीच्या फेरीला दोन ड्रायव्हर असायचे. आता मालक एकच पाठवतात, सोबत किन्नर, म्हणजे क्लीनर. एका माणसाने हजार किलोमीटरच्या वर न झोपता जायचं. उशीर झाला, माल काळा पडला की व्यापारी भाड्यातून कापतो, मालक ड्रायव्हरच्या फेरीतून कापतो.

मी व्यापारीच आहे आणि मीच सांगतो की हे बरोबर नाही. आता मी भाडं ठरवताना दोन ड्रायव्हर आहेत का विचारतो. थोडं जास्त देतो. गाडी उलटली तर माझी केळी पण गेली आणि कोणाच्या घरचा माणूस पण गेला.

सातपुडा
नंदुरबारहून. मिरचीचा हंगाम सुरू झाला की इथे भाडं मिळतं, तीन-चार महिने. मग थंड. कोंडाईबारीच्या घाटात रात्री डोळा लागलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत. केळीवाल्या भाऊंनी लिहिलं ते खरं आहे. फेरीवर पैसे म्हटले की माणूस झोपत नाही. जास्त फेऱ्या, जास्त पैसे. मालकाला सांगावं लागत नाही, आपण आपल्यालाच पळवतो.

सुरतेचं भाडं पण बसलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ५० टक्के शुल्क लावलं तेव्हापासून तिथल्या कापडाच्या आणि हिऱ्याच्या लोकांकडून रडगाणंच ऐकतोय. लिंबायत, उधन्याला आपलीच माणसं राहतात. त्यांच्या पाळ्या कमी झाल्या की आपलं रिटर्न भाडं पण कमी.

भरीत_पार्टी
थोडा विषय सोडून विचारतो. वडापाववर दिवस काढता हे वाचून बरं नाही वाटलं. गाडीत स्टोव्ह ठेवत नाही का कोणी आता? आमच्याकडे यायचे ते ड्रायव्हर दुकानामागेच भाकरी भाजायचे.

चौदाचाकी
ठेवतो की. डाळ, तांदूळ, मिरचीचा ठेचा घरून आणि कळण्याचं पीठ. थंडीत बामणोदची वांगी मिळाली तर भरीत पण. धाब्यावरचं एक जेवण वाचलं की दीड-दोनशे वाचतात. पण किन्नर असेल तर जमतं. एकट्याने गाडी चालवायची, ताडपत्री बांधायची, राखण करायची आणि वर स्वयंपाक, कधी करणार?

भरीत_पार्टी
भुसावळहून जाताना दुकानावर थांबा. भरीत माझ्याकडून. फक्त खाऊन झोप लागली तर हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, मागू नका.

सातपुडा
😄 येतो.

दीपनगर_बल्कर
मी लाईन सोडून दीपनगरच्या वीज केंद्राच्या राखेवर आलो. बल्कर आहे, राख वाहायची टाकीवाली गाडी. पैसे कमी, पण बहुतेक रात्री घरी. मुलं ओळखायला लागली. राख मात्र नाकातोंडात जाते, रुमाल बांधून भागत नाही. ज्याला जमेल त्याने विचार करावा. एसटीत पण कंत्राटी चालक घेतात, त्यावर लक्ष ठेवा. तिथे निदान पैशांची तारीख असते, अमळनेरच्या ताईंनी लिहिलं तसं.

अनामिक_लाईनवाला
कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. भत्ता कापला की बरेच जण डिझेल काढून विकतात. मालकाला पण माहीत असतं. त्याने आपलं कापलं, आपण त्याचं कापायचं.

छोटा_मालक
म्हणूनच सेन्सर आणि जीपीएस बसवावे लागले.

जिभाऊ_धुळेकर
हे मला पटत नाही, आणि मी साधूपणातून बोलत नाही. तू दहा लिटर काढलं की मालक ॲव्हरेजचा आकडा कडक करतो, आणि तो कडक आकडा न काढणाऱ्याला पण लागतो. घाटात, ट्राफिकमध्ये, थंडीत इंजिन चालू ठेवून जेवढं डिझेल खरंच जळतं ते पण त्याच्या पगारातून वसूल होतं. शिवाय एकदा चोर म्हणवलं गेलं की हक्काचं मागायला तोंड राहत नाही. जे मागायचं ते समोर बसून मागा.

आणि मागायचं काय, तर वाघूरकाठने स्वतःच लिहिलंय ते. उभ्या दिवसाचे पैसे. समजा फेरीचे ४,००० ठरले. फेरी तीन दिवसांत झाली तर रोजचे १,३३३ पडले. तीच फेरी लोडिंग, अनलोडिंग आणि रिटर्नची वाट धरून आठ दिवसांवर गेली तर रोजचे ५००, आणि त्यातून खुराकी गेली की उरलं काय? फेरीचा आकडा कितीचा हे बघूच नका. दिवसाला किती पडले ते बघा. मंदीत फेरीचा दर फार कमी होत नाही, फेरी लांबते. तुमचा पगार तिथे कापला जातोय, आणि कोणत्याही कागदावर त्याची नोंद नाही.

चौदाचाकी
आणि रस्ता पण लांबला ना जिभाऊ. कन्नड घाटात जड गाड्यांना बंदी आल्यापासून चाळीसगावहून संभाजीनगरला जायचं तर नांदगाव, शिऊर बंगला, देवगाव रंगारी करून फिरा. फेरीचा दर आधीचाच.

पांझरेकाठचा_वकील
धुळ्यात कामगारांची प्रकरणं चालवतो. जिभाऊंनी मुद्द्यावर बोट ठेवलं आहे, त्याला कायद्याची बाजू जोडतो.

मालक म्हणतो, फेरीवर ठरलं, मग बाकीचं माझ्यावर नाही. तसं नाही. जुन्या किमान वेतन कायद्यात, १९४८ च्या, कलम १७ होतं आणि नव्या वेतन संहितेतही तीच तरतूद आहे: जिथे वेळेचा किमान दर ठरलेला आहे तिथे कामाच्या नगावर पैसे देत असाल तरी वेळेच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. म्हणजे फेरीचे पैसे दिवसांवर वाटले आणि ते किमान वेतनाच्या खाली गेले तर फरक मागता येतो. महाराष्ट्रात सार्वजनिक मोटार वाहतुकीसाठी किमान वेतनाचे दर ठरवलेले आहेत. चालू दर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मिळतील.

दुसरं, पगाराची पद्धत बदलायची तर औद्योगिक विवाद कायद्याच्या ९-अ कलमाप्रमाणे २१ दिवसांची नोटीस लागायची. नव्या संहितेतही २१ दिवसांची नोटीस आहे. ऑफिसात उभ्या उभ्या सांगणं म्हणजे नोटीस नव्हे.

तिसरं, कामाचे तास. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास म्हणायचा, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दर. हे कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितांमध्ये गेले, पण तासांची मर्यादा आणि दुप्पट दर गेलेले नाहीत.

उचल असेल तर हप्त्याने कापा म्हणावं. सगळ्या कपाती मिळून एका वेळच्या वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. आणि वेतनाचा दावा नव्या संहितेत तीन वर्षांच्या आत करता येतो, आधी किमान वेतनाला सहा महिने आणि बाकी वेतनाला एक वर्ष होतं.

छोटा_मालक, तुमच्यासाठीही सांगतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, केली आहे का? तुम्ही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग असाल तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याने खरेदीदाराने तुमचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

छोटा_मालक
उद्यम आहे, पण तक्रार केली की ती कंपनी पुढचा माल देणार नाही. तुम्हाला पण माहीत आहे वकीलसाहेब.

पांझरेकाठचा_वकील
माहीत आहे. तीच भीती तुमच्या ड्रायव्हरला तुमची वाटते.

छोटा_मालक
…हो. हे लागलं. आमचा धंदा असा आहे की ज्याचा माल त्याचा हमाल एवढं जरी खरं झालं, तरी मी ड्रायव्हरला भत्ता चालू करू शकतो. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, आजही मालवाल्याऐवजी आमच्याच गळ्यात पडते. ओव्हरलोड भरून देणारा पण मालवालाच, आणि पकडल्यावर २०,००० आणि वर टनाला २,००० भरणारे आम्ही.

अमळनेरची_लेक
वकील दादा, खटला लढायला कोण जातं? नोकरी जाईल. असं काही सांगा जे उद्या करता येईल.

पांझरेकाठचा_वकील
ताई, बरोबर आहे. उद्या करायचं एवढंच. एक वही. गाडी कारखान्याच्या गेटवर कधी लागली, भरून कधी निघाली, कुठे कधी पोचली, खाली कधी झाली, पुढचं भाडं कधी मिळालं. तारीख आणि वेळ. गेटपास आणि बिल्टीचा, म्हणजे मालाच्या पावतीचा, फोटो. जीपीएस मालकाकडे असतोच, म्हणजे त्याला नाकारता येत नाही. हे घेऊन भांडायला जायची गरज नाही, बोलायला बसायचं. मालकालाही तो कागद कामाचा आहे, त्याला मालवाल्याकडून हॉल्टिंग मागायला तोच लागतो.

आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. बँकेतून जातात. लाईनवरच्या माणसाच्या घरात हे नसावं हे मला सहन होत नाही.

वाघूरकाठ
सगळ्यांचं वाचलं. दोन रात्री सुरतेच्या पार्किंगलाच होतो, तिथे आणखी तीन खान्देशी गाड्या होत्या, त्यांनाही वाचून दाखवलं.

काल शेठकडे गेलो. एकटा नाही गेलो, आम्ही पाच जण गेलो. वही नव्हती, पण जीपीएसचा रिपोर्ट ऑफिसातच काढला. महिन्यात चाकं फिरली त्याहून जास्त दिवस गाडी उभी निघाली. शेठ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, महिना परत चालू नाही करू शकत. पण २४ तासांच्या वर गाडी उभी राहिली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला खुराकी देतो, मालवाल्याकडून हॉल्टिंग मिळालं तर त्यातला निम्मा वाटा तुमचा. पैसे दर महिन्याच्या ७ तारखेला. उचल फेरीमागे थोडी थोडी कापायची, एकदम नाही.

पूर्वीएवढं झालं नाही, पण अमळनेरच्या ताईंनी म्हटलं ती तारीख मिळाली.

अमळनेरची_लेक
भाऊ, हे लिहून घेतलं का?

वाघूरकाठ
शेठने डायरीत लिहिलं. मी फोटो काढला.

जिभाऊ_धुळेकर
सही?

वाघूरकाठ
सही नाही. सोमवारी इंदूरची गाडी भरायची आहे, तेव्हा ऑफिसात जातो आणि घेतो.

छोटा_मालक
वाघूरकाठ, डायरीतलं काय लिहिलंय ते इथे टाकशील का, आकडे झाकून? माझ्या दोन ड्रायव्हरांसाठी तसंच लिहायचं म्हणतोय.